हरेल त्याने पिसायचं

आमच्या घरात मला पत्ते पिसायला बंदी होती.

लेखी काही नव्हतं. भिंतीवर पाटीही नव्हती. पण एकतीस वर्षांच्या संसारात मी पत्त्यांचा कॅट हातात घेतला, की समोरून एक हात पुढे यायचा आणि म्हणायचा, "द्या इकडे, वहिनी." (हात बोलत नाहीत हे मलाही माहीत आहे. तुम्ही माझ्या सासरचे हात पाहिलेले नाहीत.) हा हात माझ्या धाकट्या दिरांचा, म्हणजे अरुणभावोजींचा. माझ्याकडून कॅट घेऊन ते त्याचे दोन भाग करायचे, अंगठ्यांनी कडा उचलायचे, आणि फुर्रर! सगळे पत्ते एकमेकांत शिरायचे, कमान करून उभे राहायचे आणि मग शहाण्या मुलांसारखे ओळीत बसायचे. तेच पत्ते माझ्या हातात असले की वांड कार्ट्यांसारखे वागायचे. चार खाली, दोन उताणे, एक माझ्या मांडीखाली.

आता कुणी म्हणेल, नसेल येत पिसायला, तर नको पिसू. त्यात काय एवढं? एवढं असं, की आमच्याकडे खेळ एकच, मेंढीकोट. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते (आणि ज्यांना माहीत नाही ते दिवाळीत जेवणं झाल्यावर काय करतात, ते मला कळवा). चौघे बसतात, समोरासमोरच्या दोन जोड्या. प्रत्येक दश्शी म्हणजे एक मेंढी. ज्या जोडीकडे मेंढ्या जास्त, ती जिंकली. चारही मेंढ्या धरल्या तर कोट. आणि माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम, जो सासूबाईंनी त्यांच्यामागे कुळाचारासारखा सांभाळला: हरेल त्याने पिसायचं.

माझी जोडी कायम सासूबाईंबरोबर. मी लग्न होऊन आले तेव्हा मला दुसरं कुणी घेईना, म्हणून त्यांनी घेतलं, ते तसंच राहिलं. आम्ही कायम हरायचो. सासूबाईंना बावन्न पानं पाठ असतात, कुणी काय टाकलं ते त्या पुढच्या दिवाळीत सांगतील. पण समोर मी! त्यांच्या बोटांत संधिवात, त्यामुळे पिसायची पाळी माझी. म्हणजे बघा, घरात सगळ्यात जास्त वेळा पिसणं माझ्या वाट्याला आणि सगळ्यात कमी पत्ते पिसलेलीही मीच.

परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून आम्ही भाईंदरला जेसल पार्कात राहायला आलो. सासूबाई भावोजींकडे डोंबिवलीला. दिवाळीच्या पाडव्याला मात्र सगळे आमच्याकडे, कारण आमचे हे थोरले. दोन हजार सातचा पाडवा. जेवणं झाली, सतरंजी पडली, पहिलाच डाव आम्ही हरलो. मी कॅट घेतला आणि मनाशी ठरवलं, आज पिसायचंच. दोन वेळा जमलं. तिसऱ्यांदा भावोजी म्हणाले, "वहिनी, पत्ते पिसताय की पोहे भिजवताय?"

सगळे हसले. माझी जाऊ शोभा हसली, माझी मुलगी मेघना हसली. त्याचं मला काही नाही. पण हे हसले! आमचे हे कधी हसत नाहीत. लग्नाच्या फोटोत हसले नाहीत, मेघना झाली तेव्हा "बरं" म्हणाले. तो माणूस त्या दिवशी मांडीवर थाप मारून हसला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. आणि तेवढ्यात तो हात पुढे आला. "द्या इकडे, वहिनी."

मी दिले. हसतसुद्धा दिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरचे पोहे भिजवताना माझा हात थांबला. म्हटलं, पुढच्या पाडव्याला या घरात पत्ते पिसेन तर मीच पिसेन, आणि असे पिसेन की या लोकांच्या घशात चकली अडकेल.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा कॅट हवा. घरातला यांच्या कपाटात, आणि तो मागितला असता तर प्रश्न आले असते. मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेले. तो सुरतेकडचा, मला ओळखणारा. म्हटलं, भैया, पत्ते का एक कॅट देना, अच्छावाला. तो म्हणाला, "आंटी, श्रावण तो कब का निकल गया." (त्याच्याकडच्या बायका सातम-आठमला पत्ते खेळतात. त्याला वाटलं, मी मुहूर्त चुकले.) म्हटलं, मुझे खेलना नहीं है, सीखना है. तो कॅट देताना माझ्याकडे अशा काळजीने बघत होता, की जणू मी उंदराचं औषध मागितलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे गुरू. मेघनाने घरी कंप्युटर घेतला होता आणि केबलवाल्याकडून नेटची वायर आणली होती. ती मला दोन वर्षं म्हणत होती, आई, ईमेल शीक. मी म्हटलं, ईमेल मला कोण करणार आहे? तू मला पत्ते पिसायचे व्हिडिओ लावून दे. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग लावून दिले.

काय सांगू तुम्हाला! मला वाटत होतं, भावोजींचं फुर्रर म्हणजे शेवट. इथे एक गोरा पोरगा, बोटं पडवळासारखी, तो एका हाताने कॅट कापत होता. पत्त्यांचा जपानी पंखा उघडून मिटत होता. आणि शेवटी त्याने एक प्रकार केला, की मी खुर्चीतून उठले. उजव्या हातात सगळा कॅट दाबून धरला, वाकवला, आणि पत्ते एकामागून एक सुटले! हवेत माळच माळ! ती माळ डाव्या हाताकडे निघाली...

आणि व्हिडिओ थांबला.

मध्ये एक गोल चक्र फिरायला लागलं. आमच्या केबलवाल्याचं नेट म्हणजे आमच्याकडच्या नळाच्या पाण्यासारखं, येतं तेव्हा येतं. मी दहा मिनिटं बसून राहिले. चक्र फिरतंय, पत्ते हवेत. पुन्हा पहिल्यापासून लावला, पुन्हा तिथेच थांबला. एकशेवीस वेळा तरी मी तो व्हिडिओ बघितला असेल आणि एकशेवीस वेळा ते पत्ते हवेतच राहिले. सुटतात कसे हे मला कळलं. पकडतात कसे, हे त्या पोराला आणि त्या चक्रालाच माहीत.

मी काही अडून राहणारी बाई नाही. सकाळी नऊला हे चौपाटीवर फिरायला जायचे (आमच्याकडे खाडीच्या काठाला चौपाटी म्हणतात, आम्हाला तेवढंच समाधान). रिटायर झालेले सहा-सात जण बाकावर बसून सरकार चालवायचे, ते अकराला परत. तेवढ्या दोन तासांत मी शिकायची. एका शेगडीवर डाळीचा कुकर, माझ्या हातात कॅट. तीन शिट्ट्या होईपर्यंत फुर्रर, भाजीला वाफ येईपर्यंत पंखा. आमच्या दमट हवेत पत्ते एकमेकांना चिकटतात, त्यावर उपाय मी स्वतः शोधला. यांची चंदनाची पावडर! पानापानाला चिमूटभर लावली, की कसे लोण्यासारखे सरकायचे. हे बिचारे विचारायचे, हल्ली डबा महिन्याभरात कसा संपतो? म्हटलं, उकाडा किती वाढलाय. शिकून झालं की कॅट तांदळाच्या डब्यात.

चार महिने लागले फुर्ररला. अंगठ्यांची सालं निघाली. एकदा खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन वर आल्या. म्हणाल्या, "भाभी, आपके यहाँ कबूतर घुस गया है क्या? रोज सुबह फडफड फडफड." आमच्या इमारतीत कबुतरांचा तसा त्रास, त्यामुळे त्या येताना जाळी लावणाऱ्या माणसाचा नंबरही लिहून घेऊन आल्या होत्या. शेवटी मी त्यांना खरं सांगितलं आणि कॅट काढून एक फुर्रर करून दाखवलं. त्या इतक्या खूश झाल्या की लगेच दुपारच्या मंडळात बोलवायला लागल्या, तीन पत्ती खेलेंगे. म्हटलं, नहीं हंसाबेन, मुझे खेलना नहीं है, सिर्फ पीसना है. त्यांनी विचारलं,

"तो फिर खेलेगा कौन?"

नंतर कळलं की सगळ्या भानगडीचं मूळ त्याच प्रश्नात होतं. पण तेव्हा कोण लक्ष देतं.

पंखा आला दोन महिन्यांत. राहिली ती हवेतली माळ. पहिले पंधरा दिवस मी पलंगावर उभी राहून पत्ते सोडायची आणि नंतर गादीवरून वेचायची. दुसऱ्या हातात दोन-चार यायचे, बाकीचे सैरावैरा. मग एकदा, माझं मलाच कळलं नाही, पत्ते सुटले आणि मी सवयीने पदर पुढे केला. हळदीकुंकवाला बायका ओटी भरतात तेव्हा करतो ना, तस्साच. सगळे पत्ते ओटीत! बावन्नच्या बावन्न! मी मोजले. त्या गोऱ्या पोराला हे सात जन्मांत जमणार नाही, त्याच्याकडे पदर कुठे आहे? माझ्या या प्रकाराला मी नाव दिलं, ओटीभरण. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ते मी डोळे मिटून करत होते.

दोन हजार आठचा पाडवा आला.

मी पहाटेपासून अशी हसतमुख, की यांना शंका आली. ओवाळताना विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, सण आहे. मेघनाने मला नवीन नारायणपेठी नेसवली. तिला आईचं सगळं चापूनचोपून लागतं. मागून पुढून फिरून तिने काय काय केलं, माझं लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात फुर्रर करत होते. घरातला जुना कॅट मी आदल्या दिवशीच फाटका म्हणून रद्दीत टाकला होता आणि त्याच्या जागी माझा, पावडर लावलेला, ठेवला होता.

मंडळी आली, जेवणं झाली. आम्रखंडाने सगळे जड झालेले. डोक्यावरचा पंखा पाचवर. सतरंजी पडली. भावोजी, त्यांच्या डावीकडे सासूबाई, मग शोभा, मग मी. मागे खुर्चीत हे, कारण यांना पत्त्यांतलं काही कळत नाही आणि म्हणून ते सगळ्यांना सल्ला देतात. पहिले पत्ते भावोजींनी पिसले, पाहुणे म्हणून. मी म्हटलं, पिसा. शेवटचं पिसून घ्या. मला फक्त एक डाव हरायचा होता. एकतीस वर्षं न चुकता हरत आले होते, आज काय कठीण?

पहिला डाव आम्ही जिंकलो.

ठीक आहे, म्हटलं, होतं असं. भावोजींनी कॅट घेतला, फुर्रर केलं, वाटले. माझ्या हातात हुकमाचा एक्का, राजा, राणी, गुलाम! अशी पानं मी आयुष्यात दुसऱ्याच्या हातातसुद्धा बघितली नव्हती. मी वाटेल तशी पानं फेकली. एक्क्यावर राजा मारला, जोडीदाराचा हात मीच खाल्ला. काही उपयोग नाही. चारही मेंढ्या आमच्याकडे! कोट! सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाल्या, "नलिनी, इतकी वर्षं कुठे होतीस?"

आता या माऊलीला काय सांगू, की मी हरायचा प्रयत्न करतेय?

तिसरा जिंकलो. चौथा जिंकलो. आम्ही जिंकलो म्हणजे पत्ते भावोजी पिसणार. जितकी मी जिंकत होते तितकं त्यांचं फुर्रर माझ्या नाकासमोर होत होतं. मला घाम फुटला. चौथ्या डावानंतर भावोजींनी कॅट नाकाशी नेला.

"दादा, पत्त्यांना चंदनाचा वास येतोय."

सगळ्यांनी एकेक पान घेऊन वास घेतला. शोभा म्हणाली, हा कॅट पण आपला नेहमीचा नाही, त्याच्या पाठीवर मोर होता. मग कॅट बदलला कुणी, कधी, कशाला, अशी चौकशी सुरू झाली. मी म्हटलं, जुना फाटला होता. भावोजी हसत हसत म्हणाले, "वहिनी, नवा कॅट, वास मारलेला, आणि तुम्ही कोट लावताय. दाल में कुछ काला." हसत म्हणाले, पण म्हणाले! आणि यांनी खुर्चीतून दुजोरा दिला, की खरंच, तिला आजपर्यंत एक मेंढी धरता आली नाही.

आता माझ्या अंगावर लबाडीचं बालंट आणि पिसायची पाळी अजून लांबच. तेव्हा मी ठरवलं, की साधेपणाने हरता येत नसेल तर वाकड्या वाटेने हरू.

पाचवा डाव. भावोजींनी बदामाचा राजा टाकला. सासूबाईंकडे बदामाचं एकच पान, तेही मेंढी. नाइलाजाने त्यांनी टाकली. शोभाने बारीक टाकलं. माझ्याकडे बदामाचा एक्का. टाकला की मेंढी आमची. आणि रंगाचं पान असताना ते टाकायचंच, हा नियम, लहान पोरालाही ठाऊक. मी एक्का मागे सरकवला आणि किलवरची दुर्री टाकली.

मेंढी गेली. माझ्या मनात फटाके वाजले. सासूबाई मात्र माझ्या दुर्रीकडे बघत राहिल्या. मी सांगितलंच आहे, त्यांना बावन्न पानं पाठ. पुढचे आठ हात माझं प्रत्येक पान त्यांनी टक लावून बघितलं. शेवटचा हात आला. प्रत्येकाकडे एकच पान. माझ्याकडे काय राहणार? तोच. मी तो सतरंजीवर ठेवला, हळूच, जसं काही तो दिसणारच नाही.

"हा एक्का इतका वेळ कुठे होता गं?" सासूबाईंनी विचारलं.

शोभाने मागचे हात उलटे करून दुर्री शोधून काढली. वहिनींनी पान लपवलं! म्हणजे डाव त्यांचा गेला! मेघना म्हणाली, अगं आई! आणि आमचे हे उठून उभे राहिले. पत्ता लपवणं म्हणजे आमच्या घरात फार मोठी गोष्ट. माझे सासरे असताना एका चुलत मेहुण्यांनी पान लपवलं होतं, त्यांना पुढची तीन लग्नं निमंत्रण नव्हतं.

"कशासाठी?" यांनी विचारलं. "जिंकत होतीस की."

"मला हरायचं होतं," मी म्हटलं. "मला पिसायचंय."

कुणालाच काही बोध होईना. मग भावोजींच्या डोक्यात उजेड पडला आणि ते हसायला लागले. "अहो वहिनी, एवढंच ना? मग मागायचा होता कॅट!"

"मागितला असता तर दिला असतात?"

शोभा भावोजींकडे बघायला लागली. मी म्हटलं, एकतीस वर्षं हरतेय. एकतीस वर्षांत एकदा माझ्या हातात पत्ते पुरते राहू दिलेत? मग मीच हात पुढे केला. "द्या इकडे, भावोजी."

त्यांनी दिले.

मी सतरंजीच्या मधोमध उभी राहिले. कॅटचे दोन भाग केले, आणि फुर्रर! भावोजींच्या फुर्ररपेक्षा लांब, कमान दीड वीत उंच. पत्ते सर्रकन बसले. मग जपानी पंखा उघडला. गोल, चंद्रासारखा, त्यातून पावडरीचा एक ढग निघाला आणि यांना तीन शिंका आल्या. शिंकून झाल्यावर ते म्हणाले, "अगं, हे कधी?" त्या तीन शब्दांसाठी मी अंगठ्यांची सालं काढली होती.

इथे मी थांबले असते, तर आज या घराण्यात माझं नाव सासऱ्यांच्या शेजारी लागलं असतं. पण मला ओटीभरण दाखवायचं होतं.

कॅट उजव्या हातात दाबला, वाकवला, डावा हात पदराकडे नेला, आणि सोडले! पत्ते सुटले. काय माळ निघाली म्हणून सांगू! मी पदर पुढे ओढला. पदर आला नाही. पुन्हा ओढला. मेघनाने सकाळी चापूनचोपून खांद्याला तीन पिना लावल्या होत्या, तीन! नारायणपेठी तिथल्या तिथे, आणि बावन्न पत्ते हवेत. मला त्या क्षणी तो व्हिडिओ आठवला. फरक इतकाच की इथे चक्र फिरलं नाही, पाचवर असलेला पंखा फिरला.

पंख्याने जे पत्ते पकडले ते त्याने घरभर वाटले, न पिसता. शोभाच्या अंबाड्यात एक उभा राहिला. चकलीच्या डब्यात दोन. सासूबाईंच्या मांडीवर चार, आणि त्या हलल्यासुद्धा नाहीत. आम्रखंडाच्या भांड्यात किलवरची राणी गळ्यापर्यंत बुडाली. काही गॅलरीतून बाहेर गेले. यांच्या चष्म्यावर एक आदळला, तो त्यांनी उचलून वाचला आणि म्हणाले, "इस्पिक सत्ती." का म्हणाले ते अजून त्यांनाही माहीत नाही.

दाराची बेल वाजली. हंसाबेन. त्यांचं त्याच दिवशी नवीन वर्ष, हातात मिठाईचं ताट. "साल मुबारक, भाभी!" म्हणाल्या, आणि ताटातून दोन पत्ते उचलून माझ्यापुढे धरले. "आपके कबूतर के दो पंख नीचे आये."

मग मात्र जे हसू फुटलं ते विचारू नका. हे पुन्हा मांडीवर थाप मारून हसले. मी तिथेच, तीन पिनांत बांधलेली, डावा हात पदराला धरून उभी. रडू येईल असं वाटत होतं, पण येऊ दिलं नाही. सगळेच रांगायला लागले. सोफ्याखाली, टीव्हीमागे. भावोजींनी पत्ते गोळा केले, राणीला पुसून घेतलं, कडा सरळ केल्या, आणि बोलता बोलता त्यांचे अंगठे सवयीने कडांवर गेले.

"अरुण." सासूबाईंचा आवाज. "ठेव ते."

भावोजी थांबले.

"हरलं कोण?"

"वहिनी."

"मग तुझ्या हातात काय करतायत? हरेल त्याने पिसायचं. तिच्या हातात दे. आणि ती पिसत असताना कुणी हात पुढे करायचा नाही."

भावोजींनी दोन्ही हातांनी कॅट माझ्यापुढे धरला. तोच हात. आता मी पिसले. राणी चिकट झाली होती, फुर्ररचं नावही काढवेना. मी पोहे भिजवतात तसे पिसले. चार खाली पडले, ते उचलले. दोन उताणे झाले, ते पालथे केले. पाच मिनिटं लागली असतील. सहा माणसं बसून बघत होती (हंसाबेन ताटासकट) आणि एकही हात पुढे आला नाही. जगातला सगळ्यात वाईट पिसलेला कॅट असेल तो. पण बावन्नच्या बावन्न पत्ते माझ्या हाताने पिसलेले.

म्हणजे, एक्कावन्न. वाटल्यावर कळलं, सासूबाईंना एक पान कमी. पुन्हा शोधाशोध. शेवटी मेघनाने वर बोट दाखवलं. सासऱ्यांच्या फोटोच्या हारामागून चौकटची तिर्री डोकावत होती. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. त्यांना एक पान द्या. बसलेच आहेत तर खेळतील." सहाव्या डावात त्या बारा पानांवर खेळल्या.

त्याला आता तीन पाडवे झाले. आजही मी कॅट उचलला की सगळं घर कामाला लागतं. मेघना पंखा बंद करते, शोभा गॅलरीचं दार लावते, भावोजी चकलीच्या डब्याला झाकण लावतात आणि हे चष्मा काढून खिशात ठेवतात. पण "द्या इकडे, वहिनी" असं कुणी म्हणत नाही. नारायणपेठी मी अजूनही नेसते. पिना लावू देत नाही, एवढंच.

या तीन पाडव्यांत मी एकही डाव जिंकलेली नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, की आमच्या नलिनीच्या हातात काय पानं येतात, ठरवलं तर रोज कोट लावील, पण तिला पिसायची भारी हौस, म्हणून मुद्दाम हरते.

सासूबाईंचं वय झालं आहे. या वयात त्यांचा समज मोडायला माझं मन होत नाही.